डेंग्यूच्या संसर्गात पेशीतले चरबीचे थेंब वाढतात की घटतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हु-७ या मानवी यकृताच्या पेशींना डेंग्यू-२ विषाणूचा संसर्ग दिला, एमओआय (दर पेशीमागे दिलेले विषाणूकण) १. बॉडिपी ४९३/५०३ या चरबीच्या रंगाने रंगवल्यावर २४ तासांना लिपिड ड्रॉपलेट, म्हणजे चरबीचे थेंब, मॉकच्या (संसर्ग न दिलेल्या पेशींच्या) दीडपट दिसले, ४८ तासांना मात्र मॉकपेक्षाही कमी. शोधनिबंध चाळले तर दोन्ही बाजूंचे दाखले सापडतात. मग खरे काय मानायचे, आणि पुढचा प्रयोग कोणता करायचा? शेवटी स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचाही उल्लेख होता.

दोन्ही खरे असू शकते. प्रयोग फसला असे लगेच धरू नका, पण 'डेंग्यू पेशीतली चरबी वाढवतो' किंवा 'जाळतो' असे वाक्यही एवढ्यावर लिहू नका. ड्रॉपलेटची मोजणी म्हणजे खात्यावरची शिल्लक. दिवसभरात लाख आले आणि लाख गेले तरी संध्याकाळी आकडा तोच दिसतो. डेंग्यूच्या बाबतीत जमा आणि खर्च दोन्ही बाजू हलतात, म्हणून एखाद्या वेळची शिल्लक पाहून उलाढालीबद्दल बोलता येत नाही.

आधी विषाणूला काय हवे ते पाहू. डेंग्यूचा जीनोम सुमारे १०,७०० बेसचा, एकपदरी आरएनएचा. चरबी बनवणारे एकही एन्झाइम त्यात नाही. पण पडदे मात्र भरपूर लागतात. आरएनएच्या प्रती ईआरच्या, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, पडद्याला आत घड्या पडून झालेल्या ८० ते ९० नॅनोमीटरच्या पिशव्यांत बनतात. बाहेर पडणारा सुमारे ५० नॅनोमीटरचा कणही ईआरचाच पडदा अंगावर पांघरून निघतो. हा सगळा माल पेशीकडून काढून घ्यायचा असतो.

त्यासाठी विषाणूचे एनएस३ प्रथिन फॅटी ॲसिड सिंथेसला धरून प्रतिकृतीच्या जागी आणते आणि तिथे त्याचे काम वाढवते. हे एन्झाइम एक ॲसिटिल-कोए आणि सात मॅलोनिल-कोए जोडून १६ कार्बनचे पामिटेट तयार करते. बदल जागेत आणि कामाच्या वेगात होतो, त्यामुळे वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचे प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीत) पट्टी जेवढीच्या तेवढीच दिसू शकते. ब्लॉट पाहून 'या एन्झाइमचा संबंध नाही' असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात.

खर्चाची बाजू म्हणजे लिपोफॅजी. विषाणू पेशीची ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःचेच भाग पचवण्याची क्रिया, चालू करतो, ऑटोफॅगोसोम नावाच्या पिशव्या ड्रॉपलेटना गिळतात, लायसोसोममध्ये ट्रायग्लिसराइड फुटते आणि सुटलेली फॅटी ॲसिड मायटोकॉन्ड्रियात जळून एटीपी देतात. ड्रॉपलेटवर बसणारे एयूपी१ हे पेशीचे प्रथिन या कामात विषाणूच्या हाताशी असते, आणि एनएस४ए त्याच्याशी जोडी जमवते. ऑटोफॅजी रोखली की विषाणूची वाढ मंदावते, आणि बाहेरून फॅटी ॲसिड दिले की ती पुन्हा सावरते. हा सुटकेचा प्रयोग या सगळ्या साखळीतला सगळ्यात भक्कम दुवा आहे असे मी मानतो.

इथे पुस्तकी मुलगा हात वर करतो. मॅलोनिल-कोए तर सीपीटी-१ या वाहून नेणाऱ्या एन्झाइमला अडवते, म्हणजे फॅटी ॲसिड मायटोकॉन्ड्रियात जाऊच देत नाही. मग एकाच पेशीत बांधणे आणि जाळणे एकत्र कसे? शंका रास्त आहे. एक वाजवी उत्तर जागेत आहे: बांधकाम ईआरवरच्या प्रतिकृतीच्या ठिकाणी चालते, जाळणे लायसोसोम आणि मायटोकॉन्ड्रियाच्या बाजूला. शिवाय एकाच पेशीत ही दोन्ही कामे एकाच तासाला जोरात असतील असेही नाही. तुमच्या प्लेटमध्ये लाखो पेशी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात आणि तुम्ही त्यांची सरासरी पाहता.

तिसरा भाग कॅप्सिडचा. डेंग्यूचे कॅप्सिड, म्हणजे जीनोमभोवतीचे, प्रथिन ड्रॉपलेटच्या पृष्ठभागावर जाऊन बसते. त्याच्या दुसऱ्या हेलिक्समधली ५० आणि ५४ क्रमांकाची ल्युसिन बदलली की ते तिथे चिकटत नाही आणि विषाणूची वाढ खालावते. हे लक्षात ठेवा, कारण यातून मोजणीचा एक मोठा घोळ उलगडतो.

समजा मॉक पेशीत १ मायक्रोमीटर व्यासाचा एक थेंब आहे आणि संसर्ग झालेल्या पेशीत ०.५ मायक्रोमीटरचे आठ. संख्या आठपट झाली. घनफळ? व्यास निम्मा झाला की घनफळ आठव्या भागावर येते, म्हणजे आठ थेंबांत मिळून चरबी तेवढीच. पृष्ठभाग मात्र दुप्पट झाला. एकाने 'ड्रॉपलेट आठपट' लिहिले, दुसऱ्याने ट्रायग्लिसराइड मोजून 'बदल नाही' लिहिले, तिसऱ्याने कॅप्सिडला जागा दुप्पट मिळाली म्हटले, तर तिघेही बरोबर. त्यात ०.२ मायक्रोमीटरपेक्षा बारीक थेंब साध्या कॉन्फोकलवर वेगळे दिसतच नाहीत. दोन शेजारी एक होतात किंवा पार्श्वभूमीत विरतात. म्हणून दर पेशीमागे संख्या, सरासरी व्यास आणि एकूण घनफळ हे तिन्ही आकडे द्या. झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या प्रतिमांची चळत) ०.३ मायक्रोमीटरच्या पायरीने घ्या. थ्रेशोल्ड (किती उजळ ठिपका थेंब मानायचा ती मर्यादा) मॉकच्या प्रतिमांवर एकदाच ठरवा आणि त्या दिवशीच्या सगळ्या प्रतिमांना तोच लावा, शक्यतो कोणती प्लेट कुठली ते माहीत नसलेल्या माणसाकडून.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: २४ तासांची तुमची वाढ विषाणूने केलेली नसून पेशीने केलेली असू शकते. विषाणूचा आरएनए ओळखल्यावर काही पेशी पहिल्या काही तासांतच ड्रॉपलेट वाढवतात आणि त्याने इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूविरुद्धच्या इशारा-प्रथिनांचा, प्रतिसाद बळकट होतो. इंटरफेरॉनमुळे बनणारे व्हायपेरिन हे विषाणूरोधक प्रथिनही ईआरवर आणि ड्रॉपलेटवरच बसते. म्हणजे एकाच थेंबावर विषाणूचे कॅप्सिड आणि पेशीचा पहारेकरी शेजारी-शेजारी. वाढ कोणाची हे ठरवायचे तर तोच प्रयोग व्हेरो पेशींत करून पाहा. त्या स्वतः टाइप-१ इंटरफेरॉन बनवू शकत नाहीत. पण हु-७ माणसाची आणि व्हेरो आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडाची, त्यामुळे फरक दिसला तरी तो एकट्या इंटरफेरॉनमुळेच असे ठामपणे म्हणता येणार नाही. त्यापेक्षा हु-७ मध्येच रक्सोलिटिनिब या औषधाने जॅक (इंटरफेरॉनचा निरोप पेशीत पुढे नेणारी एन्झाइम) रोखणे अधिक स्वच्छ.

आता तुमच्या प्रयोगाकडे. एमओआय १ म्हणजे सगळ्या पेशींना संसर्ग झाला असे नाही. पॉयसॉनच्या हिशोबाने सुमारे ६३ टक्के पेशींना किमान एक कण मिळतो, एमओआय ३ ला ९५ टक्के. शिवाय तुमचा टायटर (साठ्यातल्या विषाणूचे प्रमाण) बीएचके-२१ या दुसऱ्या पेशींवर काढला असेल तर हु-७ वरचा खरा एमओआय वेगळाच असणार. समजा ३० टक्केच पेशी बाधित आहेत आणि त्यांच्यात ड्रॉपलेट खरोखर दुप्पट झाले. सगळ्या पेशींची सरासरी काढली तर उत्तर १.३ पट येते आणि खरा परिणाम गोंगाटात बुडतो. म्हणून प्रत्येक स्लाइडवर बॉडिपीसोबत विषाणूचे प्रथिनही रंगवा. ४जी२ प्रतिपिंड (ई प्रथिनासाठी) किंवा एनएस१ चा प्रतिपिंड चालतो, दुय्यम प्रतिपिंड दूरच्या लाल रंगातला घ्या. मग तीन गट करा: मॉक, बाधित, आणि बाधित प्लेटमधल्याच पण विषाणू नसलेल्या शेजारी पेशी. २४ तासांची वाढ शेजाऱ्यांतही दिसली तर संशयाची सुई इंटरफेरॉनकडे आणि माध्यमातल्या इतर घटकांकडे वळते.

रंगवताना सगळ्यात जास्त नुकसान फिक्सिंगमध्ये होते. मिथेनॉल किंवा ॲसिटोन वापरले की उदासीन चरबी विरघळून जाते. जे उरते त्याला आकडेवारी लावण्यात अर्थ नाही. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, खोलीच्या तापमानाला १५ ते २० मिनिटे. पेशी उघडायला ट्रायटन नको, तो ड्रॉपलेटचा पृष्ठभाग बिघडवतो. ०.१ टक्का सॅपोनिन घ्या, पण त्याची छिद्रे धुतल्यावर पुन्हा बुजतात, म्हणून प्रतिपिंडाच्या आणि धुण्याच्या प्रत्येक बफरमध्ये सॅपोनिन ठेवा. बॉडिपी शेवटी: १ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि., १५ ते २० मिनिटे, अंधारात. कव्हरस्लिप बसवल्यावर शक्यतो त्याच दिवशी प्रतिमा घ्या. चार दिवसांनी पाहिलेल्या स्लाइडवर थेंब एकमेकांत मिसळलेले असतात. नाइल रेड स्वस्त आहे, पण त्याचा प्रकाश लाल चॅनेलमध्ये सांडतो, त्यामुळे प्रतिपिंडासोबत त्रास देतो. ऑइल रेड ओ मध्ये ६० टक्के आयसोप्रोपेनॉल असते आणि त्याने छोटे थेंब जुळून मोठे होतात. 'चरबी आहे की नाही' एवढ्यापुरता तो ठीक.

प्रत्येक खेपेला दोन कंट्रोल हवेत. एका विहिरीत (प्लेटमधल्या खळग्यात) बीएसए या प्रथिनाला जोडलेले ओलिक ॲसिड २०० ते ४०० मायक्रोमोलर रात्रभर, म्हणजे वाढ कशी दिसते ते कळेल. दुसरीत ट्रायॲक्सिन-सी हे चरबी बनणे रोखणारे औषध काही मायक्रोमोलर, म्हणजे घट. हे दोन्ही अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर त्या दिवसाच्या बाकीच्या प्रतिमा बाजूला ठेवा.

४८ तासांच्या घटीबद्दल माझा पहिला संशय विषाणूवर नाही, माध्यमावर आहे. सहसा पेशी १० टक्के एफबीएसमध्ये (गाईच्या गर्भाच्या सिरममध्ये) वाढवतात आणि संसर्गानंतर २ टक्क्यांवर आणतात. सिरम म्हणजे फॅटी ॲसिड आणि कोलेस्टेरॉलचा पुरवठा. तो पाचव्या भागावर आला की ड्रॉपलेट आपोआप आटतात. मॉकचे माध्यम त्याच मिनिटाला, त्याच बाटलीतून बदलले होते का? २४ तासांना कुणी एका प्लेटचे माध्यम बदलून ताजे सिरम दिले का? पेशींची दाटी किती होती? दाटीने ड्रॉपलेटचे प्रमाण बदलते, आणि ४८ तासांना बाधित प्लेटमध्ये पेशी मरून विरळ झालेल्या असतात तर मॉक गच्च भरलेला. तिथे तुम्ही संसर्ग नव्हे, दाटी मोजत असता. मॉकची पेरणी थोडी कमी करून ४८ तासांची दाटी जुळवून पाहा.

आणि मॉक म्हणजे नुसते ताजे माध्यम नव्हे. विषाणूचा साठा सी६/३६ या डासाच्या पेशींत वाढवला असेल तर त्या द्रवात त्या पेशींचे पडदे, चरबी आणि बरेच काही येते. बाधा न दिलेल्या सी६/३६ चे तेवढ्याच दिवसांचे माध्यम मॉकला द्या, आणि एक विहीर अतिनील किरणांनी निकामी केलेल्या विषाणूची ठेवा. ही विहीरही वाढ दाखवत असेल तर प्रतिकृतीचा त्यात संबंध नाही.

एक कंटाळवाणी पण गरजेची गोष्ट. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या असोत की शेजारच्या प्रयोगशाळेतून उसन्या, तुमच्या इनक्युबेटरमध्ये आल्यावर मायकोप्लाझ्माची पीसीआर तपासणी करा आणि दर महिन्याला पुन्हा करा. मायकोप्लाझ्मा स्वतः कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड बाहेरूनच उचलतो. चरबीच्या अभ्यासात त्याच्याइतका गुपचूप लुटारू दुसरा नाही.

एवढे निस्तरल्यावरही ४८ तासांची घट टिकली, तर लिपोफॅजी आहे का ते पाहायचे. लायसोसोमची आम्लता घालवणारे बॅफिलोमायसिन ए१, १०० नॅनोमोलर, पण फक्त शेवटचे चार तास. सुरुवातीपासून दिले तर एंडोसोम आम्लयुक्त होत नाहीत, विषाणू आतच शिरत नाही, आणि तुम्ही आनंदाने लिहिता की लिपोफॅजी रोखल्याने विषाणू थांबला. क्लोरोक्विनचेही तेच. शिवाय कणाच्या परिपक्वतेलाही आम्लता लागते (ट्रान्स-गॉल्जीत फ्युरिन प्रीएम प्रथिन कापते तो टप्पा), म्हणून या औषधांखाली बाहेरच्या टायटरवरून काही ठरवू नका. ड्रॉपलेट आणि पेशीतला आरएनए पाहा. शेवटच्या चार तासांत बाधित पेशीत थेंब मॉकपेक्षा जास्त साचले, तर लायसोसोमकडे जाणारा ओघ वाढलेला आहे. लिपोफॅजी नसून साधा लायपेज थेंब फोडत असेल ही शक्यताही तपासा, पण त्यासाठी ॲटग्लिस्टॅटिन हे लायपेजरोधक मागवू नका. ते उंदराच्या एटीजीएल या लायपेजवर चालते, माणसाच्या एन्झाइमवर जवळजवळ नाही. हु-७ मध्ये त्याचा 'परिणाम नाही' हा निष्कर्षच नव्हे. एसआयआरएनएने (जनुक गप्प करणाऱ्या छोट्या आरएनएने) एटीजीएल उतरवा.

जमेच्या बाजूसाठी सी७५ हे जुने औषध सर्रास वापरतात. ते फॅटी ॲसिड सिंथेस रोखते खरे, पण सीपीटी-१ ला उलट चालनाही देते, म्हणजे एकाच वेळी बांधकाम बंद आणि जाळणे सुरू. तुमचा प्रश्न नेमका या दोघांतल्या फरकाचा असताना असे औषध काय कामाचे? एसआयआरएनए घ्या, आणि पामिटेट देऊन विषाणूची वाढ परत येते का ते बघा. सीपीटी-१ रोखणाऱ्या एटोमोक्सिरचीही तीच कथा: शेकडो मायक्रोमोलरच्या मात्रेत ते मायटोकॉन्ड्रियाच्या पहिल्या कॉम्प्लेक्सला धरते. मात्रा ५ मायक्रोमोलरच्या आसपास ठेवा. खरी उलाढाल पाहायची तर कार्बन-१३ ॲसिटेट किंवा ग्लुकोज देऊन नव्या पामिटेटमध्ये खूण किती शिरते ते मोजण्याला पर्याय नाही.

लिपिडोमिक्स, म्हणजे पेशीतल्या सगळ्या लिपिडांची यंत्राने मोजणी, शेवटी करा. महाग आहे म्हणून नव्हे, तर नमुना खराब असेल तर यंत्र तेवढ्याच आत्मविश्वासाने खोटे आकडे छापते म्हणून. दर नमुन्याला १० ते २० लाख पेशी, थंड पीबीएसने दोनदा धुऊन, स्क्रेपरने काढलेल्या. पेशींची गोळी वितळवून-गोठवून ठेवू नका. तेवढ्यात फॉस्फोलायपेज आपले काम करतात आणि लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन व मोकळी फॅटी ॲसिड वाढतात. फ्लॅव्हिव्हायरसच्या संसर्गात ज्या वाढीबद्दल लिहिले जाते तीच ही वाढ, फक्त इथे ती बर्फाच्या डब्यात झालेली. आणि बाधित, मरणाच्या वाटेवरच्या पेशींत ती मॉकपेक्षा जास्त होईल, त्यामुळे पी-व्हॅल्यूही सुंदर येईल.

पेशीतून लिपिड काढण्यासाठी ब्लाय आणि डायर यांची १९५९ सालची पद्धत पुरते. पेशी ०.८ मि.लि. पाण्यात, त्यात २ मि.लि. मिथेनॉल आणि १ मि.लि. क्लोरोफॉर्म. ड्युटेरियमची खूण असलेली अंतर्गत मानके याच क्षणी, काढणीच्या आधी घाला. ०.०१ टक्का बीएचटी घातले तर ऑक्सिडीकरण टळते. इथे एकच थर दिसला पाहिजे. दोन झाले तर पाणी जास्त झाले आहे, बहुतेक गोळीसोबत आलेले पीबीएस हिशोबात धरलेले नसते. दहा-पंधरा मिनिटांनी आणखी १ मि.लि. क्लोरोफॉर्म आणि १ मि.लि. पाणी, हलवा, फिरवा. आता दोन थर आणि मध्ये प्रथिनांची पांढरी चकती. खालचा थर काचेच्या पिपेटने घ्या, थोडा तिथेच सोडा. मानके आधी घातल्यामुळे तेवढी तूट भरून निघते. बाटल्या काचेच्या, झाकण टेफ्लॉनचे. प्लॅस्टिकच्या नळीत क्लोरोफॉर्म घातला तर ओलिआमाइड आणि एरुकामाइडची मोठी शिखरे मिळतील, आणि कुणीतरी त्यांना विषाणूचे नवे लिपिड समजेल. पेशींविना एक कोरा नमुना प्रत्येक खेपेत न्या. हे काम फ्यूम हूडमध्ये करा, नेहमीच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये नव्हे. ती हवा गाळून परत फिरवते आणि गाळणीतून वाफ अडत नाही. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने डेंग्यूसारखा आवरण असलेला विषाणू निकामी होतो, तरी नमुना बाहेर काढण्यापूर्वी तुमच्या जैवसुरक्षा समितीला ते दाखवून द्यावे लागेल.

आकडे कशाने भागायचे? एकूण प्रथिनाने नको, बाधित पेशीत प्रथिनच बदलते. एकूण फॉस्फोलिपिडने तर अजिबात नको; पडदेच वाढले असतील तर तुम्ही उत्तराला उत्तरानेच भागता. डीएनए किंवा पेशींची संख्या बरी.

अहवाल आल्यावर एक जोडी हाताने तपासा. फॉस्फॅटिडिलकोलिन ३४:२ चे (फॅटी साखळ्यांत मिळून ३४ कार्बन, २ दुहेरी बंध) प्रोटॉन जोडलेल्या रूपातले वस्तुमान ७५८.५७, आणि ३४:१ चे ७६०.५९. पण ३४:२ मध्ये नैसर्गिक कार्बन-१३ चे दोन अणू आले की तेही ७६०.५८ ला दिसते. ४२ कार्बनच्या रेणूत हा वाटा मुख्य शिखराच्या सुमारे १२ टक्के असतो, थोडा ऑक्सिजन-१८ धरून. ३४:२ वाढले की ३४:१ फुकटात वाढल्यासारखे वाटते. समस्थानिकांची ही दुरुस्ती केली आहे का ते सेवा देणाऱ्या केंद्राला स्पष्ट विचारा.

प्रश्नाच्या शेवटी स्टॅटिनचा उल्लेख होता, तर तेही. डेंग्यू एचएमजी-कोए रिडक्टेस या कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एन्झाइमचे काम वाढवतो आणि प्लेटमध्ये स्टॅटिनने विषाणू कमी होतो, हे खरे. पण व्हिएतनाममध्ये ३०० प्रौढ रुग्णांवर लोव्हास्टॅटिनची चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आला: औषध सुरक्षित, फायदा नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेत 'नवा उपचार' लिहिण्याआधी हा निकाल उद्धृत करा.

तुमच्या हातात जुन्या प्रतिमा आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. विषाणूचा रंग त्यात असेल तर बाधित आणि शेजारी वेगळे करून घनफळ पुन्हा मोजा. दर खेपेला किमान पन्नास पेशी, पण 'एन' (नमुन्यांची संख्या) म्हणून स्वतंत्र खेपा धरा, पेशी नव्हे. नंतर ६, १२, २४, ३६, ४८ तासांची एक मालिका, सिरम आणि दाटी जुळवून. त्यात वळण नेमके कुठे येते ते कळले की त्याच्या आधीचे चार तास बॅफिलोमायसिनला द्या. २४ तासांची वाढ रक्सोलिटिनिबने गेली आणि ४८ तासांची घट बॅफिलोमायसिनने भरून निघाली, तर तुमच्याकडे एकाच वक्राची दोन टोके आहेत आणि दोन्ही बाजूंचे शोधनिबंध त्यावर आपापल्या तासाला बसतात. वाढ गेली नाही, तर फॅटी ॲसिड सिंथेसचा एसआयआरएनए मागवा.